उपचारात्मक व्यायाम आणि शरीरसंवर्धन

आजार, दुखापत किंवा शस्त्रक्रिया यांमुळे गमावलेली हालचाल व शक्ती परत मिळावी म्हणून योजनापूर्वक दिलेल्या व्यायामास उपचारात्मक व्यायाम म्हणतात. निरोगी माणसाने आपली ताकद, दम, लवचिकपणा व तोल वाढविण्यासाठी किंवा टिकविण्यासाठी केलेला नियमित व्यायाम म्हणजे शरीरसंवर्धन. पहिला विषय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन यांच्या कक्षेत येतो. दुसरा तालीम, व्यायामशाळा आणि क्रीडांगण यांच्या. दोहोंचे साधन मात्र एकच आहे : शरीरावर मोजून टाकलेला भार. भार नेहमीच्या सवयीपेक्षा थोडा अधिक असला, की स्नायू, अस्थी, कंडरा, हृदय व फुप्फुसे त्याच्याशी जुळवून घेतात आणि बळकट होतात. तो फार अधिक झाला, तर इजा होते. आणि भारच नसला, तर ती क्षीण होतात. हा नियम मल्लाला आणि रुग्णाला सारखाच लागू आहे.

रुग्णालयातून घरी पाठविलेला रुग्ण वैद्यकाच्या भाषेत बरा झालेला असतो. त्याची जखम भरलेली असते, हाड जुळलेले असते, ज्वर उतरलेला असतो. परंतु जिना चढणे, डोक्यावरून हंडा आणणे, शेतात वाकणे किंवा गर्दीच्या लोकलगाडीत तासभर उभे राहणे यांसाठी लागणारी शक्ती त्याच्यात आलेली असतेच असे नाही. आजार संपणे आणि क्षमता परत येणे यांमधील हे अंतर कोणी व कसे भरून काढावयाचे, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. वैद्य आणि व्यायामशिक्षक हे दोन व्यवसाय काही काळ एकत्र नांदले, काही काळ एकमेकांकडे पाठ फिरवून राहिले. महत्त्वाची प्रगती बहुधा ते एकत्र आले तेव्हाच झालेली दिसते.

प्राचीन परंपरा : ग्रीसमध्ये इ. स. पू. पाचव्या शतकात सिलिंब्रिया येथील हेरोडिकस हे व्यायामशिक्षक आणि वैद्य अशा दोन्ही नात्यांनी प्रसिद्ध होते. स्वतः आजारी पडल्यावर त्यांनी व्यायाम व आहार यांची कडक शिस्त आखून दीर्घायुष्य मिळविले. प्लेटो यांनी ‘रिपब्लिक’मध्ये त्यांची थट्टा केली आहे, या गृहस्थाने मरण लांबवीत म्हातारपण गाठले आणि स्वतःबरोबर इतरांनाही छळले, असा तिचा आशय आहे. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात याहून गंभीर आक्षेप आढळतो. ज्वराच्या रुग्णांना पळावयास व कुस्ती खेळावयास लावून हेरोडिकस यांनी त्यांचा जीव घेतला, असे तेथे म्हटले आहे. व्यायामाचे औषध चुकीच्या वेळी दिले, तर ते विष ठरते, ही जाणीव अशा रीतीने आरंभापासूनच आहे. इ. स. दुसऱ्या शतकात गेलेन यांची पर्गमम येथे तलवारबाज मल्लांचे वैद्य म्हणून नेमणूक झाली होती. जखमी मल्लाला केवळ जगविणे पुरेसे नव्हते, त्याला पुन्हा आखाड्यात उतरता यावे लागे. आरोग्यरक्षणावरील त्यांच्या ग्रंथात व्यायामाची जी बारकाईने चर्चा येते, तिच्यामागे हा अनुभव असावा.

भारतीय आयुर्वेदात व्यायामाची मात्रा हा विषय विशेष काटेकोरपणे हाताळलेला आहे. माणसाने आपल्या निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा, असा सुश्रुत व वाग्भट यांचा दंडक आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला, की निम्मी शक्ती खर्ची पडली असे समजावे. चरकसंहितेत अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांची यादी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णासाठी सांगितलेला उपचार तर आजच्या वाचकालाही थक्क करणारा आहे. अशा रुग्णाने छत्री व पादत्राणे न वापरता, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असे तेथे सांगितले आहे. औषधाला पैसा नसलेल्या माणसाला श्रमाचे औषध देताना त्याचे परिमाणही ठरवून द्यावे, ही दृष्टी यात स्पष्ट दिसते. (ज्याला पोटासाठी रोजच विहिरी खणाव्या लागतात, त्याला हा रोग क्वचितच होत असावा, हे या वैद्यांच्या नजरेतून सुटले नसेल.)

यूरोपातील पुनरुज्जीवन : जेरोम मेर्कुरिआलिस (१५३०–१६०६) या इटालियन वैद्यांनी ग्रीक-रोमन व्यायामविद्येचा साक्षेपी अभ्यास करून लिहिलेला ग्रंथ १५६९ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध झाला. वैद्यकीय, लष्करी व मल्लांचा असे व्यायामाचे तीन वर्ग त्यांनी केले. मात्र मल्लांचा व्यायाम त्यांना आरोग्याला घातक वाटे. नीकॉला आंद्री यांनी १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातील व्यंगे दूर करण्याविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यावरूनच अस्थिव्यंग चिकित्सेचे पाश्चात्त्य नाव रूढ झाले. फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सक क्लेमाँ झोझेफ तिसो यांनी १७८० च्या आपल्या ग्रंथात रुग्णांना प्रदीर्घ काळ अंथरुणाला खिळवून ठेवण्यास विरोध केला. त्यांचे म्हणणे वैद्यकाने मनावर घेण्यास पुढे दीड शतकाहून अधिक काळ लागला.

स्वीडनमध्ये पेअर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे राजाश्रयाने मध्यवर्ती व्यायामसंस्था स्थापिली. लिंग हे वैद्य नव्हते. ते तलवारबाजीचे शिक्षक व कवी होते. तलवारबाजीच्या सरावाने आपला दुखरा हात बरा झाल्याचे पाहून ते या विषयाकडे वळले, असे सांगतात. शैक्षणिक, लष्करी, वैद्यकीय व सौंदर्यविषयक अशा चार शाखा एकाच संस्थेत शिकविल्या जात. शाळेतील मुलांची कवायत घेणारा आणि वाकलेल्या पाठीच्या रुग्णाचे हातपाय हालविणारा माणूस एकाच विद्यालयातून बाहेर पडे. त्यांपैकी बरेच जण लष्करी अधिकारी होते. शरीररचनाशास्त्रात पारंगत नसलेल्या या मंडळींनी रुग्णांवर उपचार करावेत, हे डॉक्टरांना मान्य नव्हते आणि दोन्ही पक्षांतील वाद अनेक दशके चालला. १८८७ मध्ये स्वीडनच्या आरोग्य खात्याने वैद्यकीय व्यायामतज्ज्ञांना अधिकृत नोंदणी दिली. ब्रिटनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. १९२० मध्ये राजसनद मिळून तिच्या नावात मर्दनाच्या जोडीला वैद्यकीय व्यायाम हे शब्द आले. या मान्यतेमुळे रुग्णांना भोंदूंपासून संरक्षण मिळाले. त्याबरोबरच उपचार करणारा आणि व्यायाम शिकविणारा यांच्यामध्ये कायद्याची भिंतही उभी राहिली.

लिंग यांच्या पद्धतीत प्रत्येक रुग्णामागे एक सहायक लागे. स्टॉकहोमचे डॉक्टर गुस्ताव सांडर (१८३५–१९२०) यांनी सहायकाच्या हाताची जागा यंत्राला दिली. त्यांच्या संस्थेत १८६५ पासून तरफ आणि सरकते वजन असलेली यंत्रे वापरात आली. वजन तरफेवर किती अंतरावर ठेवले, यावरून स्नायूला होणारा विरोध ठरे आणि तो टिपून ठेवता येई. व्यायामाची मात्रा अशी अंकांत मोजण्याचा हा पहिला व्यापक प्रयत्न म्हणावयास हरकत नाही. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ही यंत्रे मांडली गेली. जर्मनीत १८८४ मध्ये औद्योगिक अपघातविम्याचा कायदा झाल्यावर जखमी कामगारांना पुन्हा कामाजोगे करण्यासाठी अशा संस्था उपयोगी पडल्या. त्याच वेळी यूरोप-अमेरिकेतील आरोग्यधामांत स्थूल श्रीमंत मंडळी हीच यंत्रे हौसेने वापरीत. आजच्या शहरी व्यायामशाळेत ओळीने मांडलेली यंत्रे मूळची दुखणाइतांसाठी बनविलेल्या यंत्रांची वंशज आहेत, हे तेथे जाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

विश्रांतीचा सिद्धांत आणि पहिले महायुद्ध : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शल्यचिकित्सेवर विश्रांतीच्या कल्पनेचा मोठा पगडा होता. जॉन हिल्टन यांची विश्रांती व वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने आली. लिव्हरपूलचे ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांनी दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड व दीर्घ विश्रांती हवी, असे प्रतिपादिले. टॉमस यांचे घराणे परंपरागत हाडवैद्यांचे होते आणि त्यांनी शोधलेल्या बंधफळीने पुढे महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण व पाय वाचविले. त्यामुळे त्यांचा सिद्धांत सरसकट चुकीचा ठरविता येत नाही. क्षय झालेल्या सांध्याला विश्रांती आवश्यकच होती. चूक झाली ती सर्वच दुखण्यांना एकच माप लावल्यामुळे. तुटलेल्या हाडाबरोबर धड असलेले स्नायूही महिनोन्महिने बांधून ठेवले जात.

१९१४ नंतर जखमी सैनिकांचे लोंढे येऊ लागले आणि हे माप अपुरे पडले. रुग्णालयात ठेवण्याइतके आजारी नाहीत, पण आघाडीवर पाठविण्याइतके सशक्तही नाहीत, अशा सैनिकांसाठी ब्रिटिश लष्कराने १९१५ पासून खास छावण्या उघडल्या. त्यांच्या कार्यात रॉबर्ट टेट मॅकेंझी (१८६७–१९३८) यांचा वाटा मोठा होता. मॅकेंझी हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर, शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आणि नामांकित शिल्पकार होते. मानवी शरीराकडे तिन्ही बाजूंनी पाहणारा असा माणूस विरळाच. मर्दन, उष्णजलोपचार, यंत्रांवरील व्यायाम, मग कवायत, खेळ आणि संचलन अशा चढत्या पायऱ्या त्यांनी वापरल्या व हा अनुभव १९१८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. आजार व क्षमता यांमधील अंतराला स्वतंत्र टप्पा मानून त्यासाठी मोठ्या प्रमाणावर व्यवस्था उभारली गेली, ती या छावण्यांत. अमेरिकेतही १९१८ साली सैन्यासाठी पुनर्वसन-सहायिकांची भरती झाली, तेव्हा त्यांतील अनेकजणी शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयांतून घेतल्या गेल्या. मेरी मॅकमिलन (१८८०–१९५९) यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन भौतिकी चिकित्सकांची संघटना या सहायिकांतूनच उभी राहिली. युद्ध संपताच छावण्या बंद झाल्या आणि रुग्णालयांत विश्रांतीचा जुना प्रघात पुन्हा सुरू झाला.

डीलॉर्म यांचे कार्य : टॉमस डीलॉर्म (१९१७–२००३) यांना किशोरवयात संधिज्वर झाला आणि कित्येक महिने अंथरुणात काढावे लागले. बरे झाल्यावर त्यांनी भंगारातील लोखंडाची वजने जमवून ती उचलण्याचा सराव केला. त्या काळी वजन उचलल्याने अंग आखडते आणि हृदय बिघडते, अशी समजूत डॉक्टरांत व क्रीडाशिक्षकांतही प्रचलित होती. डीलॉर्म डॉक्टर होऊन सैन्यात दाखल झाले आणि १९४४ मध्ये शिकागो येथील गार्डिनर लष्करी रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. मांडीचे हाड मोडलेल्या व गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या सैनिकांनी तेथील खाटा अडून राहिल्या होत्या. हाडे जुळली होती, परंतु मांडीचा पुढचा स्नायू इतका रोडावला होता, की सैनिकांना पायावर भरवसा ठेवून उभे राहता येत नव्हते. प्रचलित उपचारात हलक्या वजनाने पुष्कळ वेळा हालचाल करून घेत. त्याने थोडाफार दम वाढे, ताकद वाढत नसे.

आपण स्वतः ज्या मार्गाने बलवान झालो तोच मार्ग डीलॉर्म यांनी रुग्णांना दाखविला. पावलाला लोखंडी बूट बांधावयाचा, त्यात वजने अडकवावयाची आणि पलंगाच्या कडेला बसून गुडघा सरळ करावयाचा. रुग्णाला सलग दहा वेळाच उचलता येईल, अकराव्या वेळी नाही, असे वजन शोधावयाचे, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म होय. हे वजन दर आठवड्याला नव्याने ठरविले जाई. ताकद हवी असेल तर वजन जड व आवर्तने थोडी, दम हवा असेल तर वजन हलके व आवर्तने पुष्कळ, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. १९४५ मध्ये अस्थिशल्यचिकित्सेच्या प्रमुख अमेरिकन नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आरंभी दहा-दहाच्या सात ते दहा फेऱ्या ते करून घेत. पुढे आर्थर वॉटकिन्स यांच्या सहकार्याने १९४८ मध्ये त्यांनी ही संख्या तीन फेऱ्यांवर आणली : पहिली ठरलेल्या वजनाच्या निम्म्याने, दुसरी पाऊणपटीने, तिसरी पूर्ण वजनाने. ‘भारी रोधाचे व्यायाम’ हे पहिले नावही त्यांनी बदलले आणि ‘क्रमवर्धी रोधाचे व्यायाम’ असे केले. नावातील हा बदल यथार्थ होता. वजन जड असण्यापेक्षा ते पायरीपायरीने वाढत जाणे हेच या पद्धतीत महत्त्वाचे आहे.

व्यायामशाळेतील अनुभव अशा रीतीने रुग्णालयात आला, तेथे मोजमापाच्या शिस्तीतून गेला आणि पुन्हा व्यायामशाळेत परतला. दहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या हा प्रघात जगभरच्या व्यायामशाळांत आजही आढळतो. तो एका लष्करी रुग्णालयातील लंगड्या सैनिकांसाठी बसविलेल्या पद्धतीतून आला आहे.

मेरुरज्जूची इजा आणि क्रीडा : कमरेखालील भाग लुळा पडलेला सैनिक पहिल्या महायुद्धाच्या काळात बहुधा शय्याव्रण किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी मरण पावे. जर्मनीतून परागंदा झालेले मज्जाशल्यचिकित्सक लूटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्यासारख्या साध्या पण अथक शुश्रूषेने त्यांनी प्रथम मृत्यू टाळले आणि मग धडधाकट राहिलेल्या वरच्या शरीराकडे लक्ष वळविले. लुळ्या पायांचे काम खांदे, दंड व पाठ यांना करावयाचे, तर ते सामान्य माणसापेक्षा बळकट असले पाहिजेत. म्हणजे येथे पूर्वस्थिती गाठणे पुरेसे नव्हते. धनुर्विद्या या कामी उत्तम ठरली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिच्यातूनच पुढे पॅरालिंपिक क्रीडासामने उदयास आले. रोम येथे १९६० मध्ये झालेल्या सामन्यांत २३ देशांचे सुमारे चारशे खेळाडू होते.

या परंपरेशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यातील जवान व मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले आणि १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत ५० मीटर मुक्तशैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील हे भारताचे पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. उपचार म्हणून सांगितलेले पोहणे नेमके कोणत्या दिवशी क्रीडाप्रशिक्षण झाले, हे सांगता येणार नाही. तसा दिवस नसतोच.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्राच्या तालमींत व्यायाम व उपचार एकाच माणसाच्या हाती होते. कुस्तीत निखळलेला खांदा बसविणे, मुरगळलेल्या घोट्याला लेप लावणे, तेलाने मर्दन करणे, दुखऱ्या पठ्ठ्याचे जोर थांबवून फक्त बैठका चालू ठेवणे ही वस्तादाची नित्याची कामे असत. या व्यवस्थेचा गुण असा, की पठ्ठ्याची ताकद दुखापतीपूर्वी किती होती, हे वस्तादाला पक्के ठाऊक असे आणि तेथपर्यंत परत नेल्याशिवाय तो त्याला कुस्तीला सोडीत नसे. दोषही तितकाच मोठा होता. मोडलेले हाड आणि मुरगळलेला सांधा यांतील फरक केवळ हाताला कळेलच असे नाही, आणि हाड मोडलेले असताना केलेल्या मर्दनाने अनेकांचे हातपाय कायमचे अधू झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते, या परंपरेचा अभिमान बाळगताना तिची ही बाजू झाकून ठेवणे योग्य नाही.

बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी या परंपरेला प्रयोगशाळेची जोड दिली. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला यौगिक चिकित्सेवरील इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

रुग्णालयांच्या बाजूने झालेली वाढ मुख्यतः युद्ध आणि बालपक्षाघात (पोलिओ) या दोन आपत्तींमुळे झाली. १९१७ मध्ये अपंग भारतीय सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी तंत्रसंस्था पुढे खडकीला गेली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मधील आणि खडकीचे अधरांगघात पुनर्वसन केंद्र १९७४ मधील आहे. मुलीच्या पोलिओमुळे या क्षेत्रात आलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र उभारले. के. ई. एम. रुग्णालयात कमलाताई निंबकर यांच्या प्रयत्नाने १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे आणि १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकी चिकित्सेचे विद्यालय सुरू झाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मधील आहे. पोलिओच्या मुलाला महिन्याच्या उपचाराने भागत नसे. वाढत्या हाडांबरोबर उरलेल्या स्नायूंचे शिक्षण वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागे आणि त्यातील बहुतेक काम आईलाच करावे लागे. तालीम व रुग्णालय या दोन संस्था एकाच शहरात, कधी एकाच रस्त्यावर नांदल्या, तरी त्यांची फारशी ओळख झाली नाही.

अंथरुणाचे दुष्परिणाम : निरुद्योगी शरीराची हानी किती वेगाने होते, याची मोजदाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खोचक निबंध लिहिला. जेरी मॉरिस (१९१०–२००९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये असे दाखविले, की लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयरोग अधिक होतो. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांची ऑक्सिजन ग्रहण करण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घटली. त्यानंतरच्या सुमारे आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून निघाली. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी भरली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा आठवडे सक्तीची विश्रांती देण्याची प्रथा यानंतर टिकणे शक्य नव्हते. सॅम्युएल लिव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्येच अशा रुग्णांना खुर्चीत बसविण्यास आरंभ केला होता. टोराँटोचे डॉ. टेरेन्स कॅव्हना यांचे काही हृदयरुग्ण तर १९७३ मध्ये बॉस्टनची मॅराथॉन शर्यत धावले. विमानदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकातून दमाच्या व्यायामाचे कोष्टक सामान्य वाचकापर्यंत पोहोचविले.

वृद्धांविषयीचा प्रयोग याहून बोलका आहे. मरिया फियातारोने व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बॉस्टन येथील वृद्धाश्रमातील सुमारे नव्वद वर्षांच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे जड वजनांचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी काठी सोडली. मात्र व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत कमावलेल्या ताकदीचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. मुदत संपताच थांबणारा उपचार येथे अपुरा पडतो. त्या उपचाराचे रूपांतर कायमच्या सवयीत व्हावे लागते आणि सवय लावणे हे रुग्णालयाचे काम नव्हे.

परस्परपूरकता व तिच्या मर्यादा : भौतिकी चिकित्सक निदान करतो, कोणती ऊती बरी होत आहे व ती किती भार सोसू शकेल हे ठरवितो, चुकीची हालचाल दुरुस्त करतो. व्यायामप्रशिक्षक भार वाढवीत नेतो, सातत्य राखतो, कंटाळा घालवितो. या दोन कामांची सीमारेषा रुग्णागणिक बदलते. इंडियानापोलिसचे शल्यचिकित्सक डोनल्ड शेलबोर्न यांना असे आढळले, की गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी सूचना न पाळता लवकर चालूफिरू लागलेले रुग्ण आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले बरे होतात. १९९० मध्ये त्यांनी त्यावरून वेगवान पुनर्वसनाची पद्धत मांडली. स्वीडनचे हॉकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेवरच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर विश्रांतीऐवजी जड वजनाचा व्यायाम दिला आणि बारा आठवड्यांत त्यांचे पंधराही हौशी धावपटू पुन्हा धावू लागले. याउलट, हेलसिंकी येथील १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या १९९५ च्या अभ्यासात कंबरदुखीच्या ताज्या झटक्यात विश्रांती घेणारे किंवा पाठीचे खास व्यायाम करणारे मागे पडले. जमेल तसे नेहमीचे काम करीत राहिलेले लवकर बरे झाले. म्हणजे सदैव विश्रांती जितकी चुकीची, तितकाच सदैव व्यायामही. आजाराची अवस्था ओळखणे हेच कठीण असते.

हे ओळखण्याचा अधिकार कोणाला, हा जुना वाद आता कायद्याच्या भाषेत मांडला जातो. भारतात २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय आयोग अधिनियमाने भौतिकी चिकित्सा व व्यवसायोपचार यांना वैधानिक चौकट मिळाली. व्यायामशाळेतील प्रशिक्षक तिच्या बाहेर आहे. त्याच्याकडे येणाऱ्यांत तरुण हौशी असतात, तसेच गुडघा बदललेले, हृदयाला आधारनळी बसविलेले, मधुमेही आणि बाळंतपणानंतर पाठ धरलेल्या स्त्रियाही असतात. त्यांचे रुग्णालयातील कागद बहुधा घरीच राहतात. कोणत्या हालचाली टाळावयाच्या, किती वजनापर्यंत मजल गेली होती, कोठे दुखल्यास थांबावयाचे, या गोष्टी एका पानावर मावतात. डीलॉर्म यांच्या रुग्णांच्या तक्त्यावर त्या दर आठवड्याला लिहिल्या जात.